भुकेशी लढलेला वऱ्हाडी माणूस : डॉ. पंजाबराव देशमुख

आपल्या शाळेत शूरवीरांच्या गोष्टी रोज ऐकायला मिळतात. सकाळच्या असेंब्लीत, इतिहासाच्या तासाला, कधी कधी ड्रिल संपल्यावर उस्तादजींच्या तोंडूनसुद्धा. त्या गोष्टींत शत्रू समोर दिसतो आणि लढाई काही तासांत किंवा काही दिवसांत संपते. मी आज ज्यांच्याविषयी लिहिणार आहे, त्यांनी आयुष्यात बंदूक हाती घेतली नाही. त्यांचा शत्रू डोळ्यांना दिसत नव्हता आणि त्यांची लढाई जवळजवळ चाळीस वर्षे चालली. तो शत्रू म्हणजे भूक. ती लढाई लढणारे होते विदर्भाचे सुपुत्र डॉ. पंजाबराव देशमुख. सारे वऱ्हाड त्यांना आदराने भाऊसाहेब म्हणते. दिल्लीत राहणाऱ्या आपल्यासारख्या मुलांना त्यांचे नाव फारसे माहीत नसते. पण त्यांच्या आयुष्याची शेवटची आणि सर्वांत मोठी लढाई याच दिल्लीत झाली.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या पापळ या लहानशा गावी झाला. वडिलांचे नाव शामराव आणि आईचे राधाबाई. घर शेतकऱ्याचे. काळी जमीन, तिच्यात पऱ्हाटी, ज्वारी आणि तूर. विहिरी थोड्या आणि सगळा भरवसा मृगाच्या पावसावर. त्यांच्या जन्माआधी दोनच वर्षे, म्हणजे १८९६-९७ मध्ये, मोठा दुष्काळ पडून गेला होता. पंजाबराव एक वर्षाचेही झाले नव्हते तोच १८९९ चा पाऊस दगा देऊन गेला. त्या दुष्काळाला जुनी माणसे छपन्न्या दुष्काळ म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होते. माणसे गुरे सोडून देऊन सरकारी कामावर खडी फोडायला गेली. १९०१ साली जनगणना झाली तेव्हा वऱ्हाडची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. ज्या मुलाने पाळण्यात असताना असा दुष्काळ काढला, तोच पुढे स्वतंत्र भारताच्या शेतीखात्याचा मंत्री झाला.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वऱ्हाड गरीब मुलूख नव्हता. इथला कापूस त्या काळी रेल्वेने मुंबईला आणि तिथून जहाजाने विलायतेला जात असे. म्हणजे जमीन चांगली होती, पीक चांगले होते, व्यापार होता, रेल्वे होती. तरीही दुष्काळ आला की कापूस पिकवणारा कास्तकारच उपाशी राहत होता, कारण त्याच्याजवळ साठवलेले धान्य नव्हते, विकत घ्यायला पैसा नव्हता आणि जमीन सावकाराकडे गहाण होती. पंजाबरावांनी आयुष्यभर ज्या प्रश्नाचा पाठलाग केला तो हाच : पिकवणाराच उपाशी का राहतो?

पापळच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. त्यामुळे लहानपणीच त्यांना घर सोडावे लागले. चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती अशा ठिकाणी राहून त्यांनी शिक्षण घेतले. आपण सगळे वसतिगृहात राहतो, म्हणून घरापासून दूर राहून शिकणे म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. आपल्याला निदान वेळेवर मेसचे जेवण मिळते. त्या काळी खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलाला राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हाच पहिला प्रश्न असे. पुढे पंजाबरावांनी शाळांच्या आधी वसतिगृहाचा विचार केला, त्याचे मूळ मला या दिवसांत दिसते.

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी विलायतेला जायचे ठरवले. वडिलांनी शेतीवर कर्ज काढून १९२० साली मुलाला पाठवले. एका शेतकऱ्याने मुलाच्या शिक्षणासाठी जमीन पणाला लावणे ही केवढी मोठी जोखीम होती, हे वऱ्हाडातल्या कुणालाही कळेल. पंजाबरावांनी ती जोखीम वाया जाऊ दिली नाही. एडिंबरा विद्यापीठाची एम.ए. पदवी त्यांनी मिळवली, ते बॅरिस्टर झाले आणि ऑक्सफर्डला त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. शेतकऱ्याच्या मुलाने थेट वेदांचा अभ्यास करावा, तोही इंग्लंडात जाऊन, हे त्या काळी अनेकांना नवलाचे वाटले असेल. पण वेदांतल्या ऋषींनीही देवांकडे पाऊस, गाई आणि धान्य मागितले आहे. मला वाटते, पापळच्या मुलाला त्या प्रार्थना परक्या वाटल्या नसाव्यात.

१९२६ साली ते परत आले. बॅरिस्टर माणूस, हवे तर मुंबईला किंवा नागपूरला वकिली करून खूप पैसा मिळवता आला असता. त्यांनी अमरावती निवडली. तिथे त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. खेड्यांतून येणारी सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत आणि एकाच पंगतीत जेवत. आपल्या मेसमध्ये आपण कुणाच्या शेजारी बसतो याचा विचारही करत नाही, पण शंभर वर्षांपूर्वी ही फार धाडसाची गोष्ट होती. त्यांनी स्वतःच्या घरापासूनही सुरुवात केली. १९२७ साली त्यांनी मुंबईच्या विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. विमलाबाई पुढे स्वतः खूप शिकल्या आणि राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. अमरावतीच्या अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश मिळावा म्हणून जो लढा झाला, त्यातही पंजाबराव पुढे होते.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. हाती अधिकार येताच त्यांनी सार्वजनिक विहिरी सर्वांसाठी खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणासाठी कर वाढवायलाही ते कचरले नाहीत. कर वाढवणारा पुढारी लोकांना आवडत नाही, हे आपण नागरिकशास्त्रात शिकतो. त्यांनी ती नाराजी पत्करली. दुष्काळी मुलखात विहीर सर्वांना खुली करणे हा भुकेविरुद्धच्या लढाईचाच भाग आहे, असे मला वाटते. ज्याला पाणी भरू दिले जात नाही, तो दुष्काळात सगळ्यांच्या आधी मरतो.

१९३० साली ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या सरकारात मंत्री झाले. त्यांच्याकडे शिक्षण, शेती आणि सहकार ही खाती होती. वय अवघे एकतीस. नेमकी तीच वर्षे जगभरच्या मंदीची होती. कापसाचे भाव कोसळले. भाव कमी झाले तरी सावकाराचे कर्ज कमी होत नाही, उलट व्याज वाढत जाते. पूर्वी एका बैलगाडीभर कापसात जेवढे कर्ज फिटत होते, तेवढे आता दोन गाड्यांतही फिटेना. शेतकऱ्यांच्या जमिनी भराभर सावकारांच्या नावावर होऊ लागल्या. या काळात मध्य प्रांतात १९३३ चा कर्ज लवाद कायदा झाला आणि त्यामागे पंजाबरावांचे मोठे प्रयत्न होते.

हा कायदा कसा चालत असे, ते थोडक्यात सांगतो. लवाद मंडळ कर्जदार शेतकरी आणि सावकार या दोघांनाही समोर बोलावी. कर्जाचा खरा आकडा किती, व्याज किती, शेतकऱ्याची फेडण्याची ताकद किती, हे पाहून तडजोडीने रक्कम ठरे आणि तिचे हप्ते पाडले जात. सावकाराला त्याचे पैसे मिळत आणि शेतकऱ्याची जमीन वाचे. कुणावर जबरदस्ती न करता दोघांनाही एका टेबलाशी आणण्याची ही पद्धत होती. दुष्काळात फुकट धान्य वाटले तर माणूस त्या वर्षापुरता जगतो. जमीन वाचवली तर पुढच्या पावसात तो स्वतः पेरणी करू शकतो. पंजाबरावांना हा फरक तेव्हाच कळला होता.

मंत्रिपदावर असतानाच, १९३२ साली, त्यांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. आज विदर्भात या संस्थेच्या शाळा आणि महाविद्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत. त्यात शेतकी महाविद्यालय आहे आणि अमरावतीचे वैद्यकीय महाविद्यालय तर त्यांच्याच नावाने चालते. वाचता येत नसलेला शेतकरी कर्जाच्या कागदावर अंगठा उठवतो, पण त्यात काय लिहिले आहे हे त्याला कळत नाही. बियाण्याच्या पिशवीवरची सूचना त्याला वाचता येत नाही, बाजारातला भाव त्याला दलालाकडूनच कळतो. म्हणून पंजाबरावांच्या दृष्टीने शाळा आणि शेत ही दोन वेगळी कामे नव्हती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ते संविधान सभेचे सदस्य झाले. तिथे त्यांनी शेतकरी आणि मागासलेल्या समाजांची बाजू सतत मांडली. त्या वेळी देशाची अवस्था काय होती ते पाहिले म्हणजे पुढचे काम किती अवघड होते ते समजते. १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे अन्नाविना गेली होती. १९४७ ला फाळणी झाली आणि पश्चिम पंजाबातला व सिंधमधला कालव्यांच्या पाण्यावरचा गव्हाचा मुलूख पाकिस्तानात गेला. निर्वासितांचे लोंढे दिल्लीत आले. १९५१ साली देशाची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी होती आणि त्या वर्षी अन्नधान्य पिकले होते जेमतेम ५ कोटी टन. पेरलेल्या जमिनीच्या सहा भागांपैकी साधारण एका भागालाच पाटाचे किंवा विहिरीचे पाणी होते. बाकी सगळे आभाळाकडे डोळे लावून बसलेले. देश नवा, तिजोरी रिकामी आणि पाऊस लहरी. अशा देशात लोकशाही टिकेल का, याची शंका परदेशात अनेकांना होती.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पंजाबराव अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि पंडित नेहरूंच्या सरकारात शेतीखात्याचे मंत्री झाले. १९६२ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे, ते या कामात होते. पहिल्या पंचवार्षिक योजनेत शेती आणि पाटबंधारे यांना सर्वांत वरचे स्थान दिले गेले होते. त्याच १९५२ च्या २ ऑक्टोबरला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. गावोगावी ग्रामसेवक जाऊन शेतकऱ्यांना नवी पद्धत, नवे बियाणे दाखवू लागले.

पंजाबरावांनी सर्वांत उत्साहाने चालवलेली मोहीम म्हणजे भातशेतीची जपानी पद्धत. आपल्याकडे शेतकरी भाताचे भरपूर बी दाट पेरत आणि रोपे कशीही लावत. जपानी पद्धतीत बी मिठाच्या पाण्यात टाकून पाहत. पोकळ दाणे वर तरंगत, ते काढून टाकायचे आणि तळाला बसलेले भरदार दाणेच पेरायचे. रोपे उंच वाफ्यावर तयार करायची. मग ती एका ओळीत, ठरावीक अंतर सोडून लावायची, म्हणजे मधून कोळपे फिरवून तण काढता येते. शेणखत आणि रासायनिक खत मोजून द्यायचे. यात कुठलेही महागडे यंत्र नव्हते. बी कमी लागे आणि पीक जास्त येई. आम्हा कॅडेट्सना ही गोष्ट लगेच पटेल. ओळ सरळ असली आणि अंतर सारखे असले की प्रत्येकाला पुरेशी जागा मिळते. आपण ते परेड ग्राउंडवर शिकतो, शेतकऱ्यांनी ते चिखलात उभे राहून शिकायचे होते.

या पद्धतीला मर्यादाही होत्या, त्या लपवून चालणार नाहीत. तिला वेळेवर पाणी लागते, मेहनत जास्त लागते आणि खत लागते. जिथे पाणी होते तिथे शेतकऱ्यांना फायदा झाला. जिथे पाणीच नव्हते अशा कोरडवाहू मुलखाला तिचा उपयोग थोडाच होता. पंजाबराव स्वतः कोरडवाहू मुलखातले, त्यांना हे ठाऊक नसेल असे होणार नाही. म्हणूनच बियाणे आणि पद्धत यांवर ते थांबले नाहीत. शेतकऱ्यांची स्वतःची संघटना असली पाहिजे हा विचार त्यांच्या मनात वऱ्हाडात शेतकरी संघ काढला तेव्हापासून होता. १९५५ मध्ये त्यांनी सगळ्या देशातल्या शेतकऱ्यांसाठी भारत कृषक समाज ही संस्था स्थापन केली. तिचे कार्यालय आजही दिल्लीच्या निजामुद्दीन भागात आहे. कारखानदारांच्या संघटना होत्या, व्यापाऱ्यांच्या होत्या, कामगारांच्याही होत्या. संख्येने सर्वांत मोठा असलेला शेतकरी मात्र विखुरलेला होता. त्याचे म्हणणे दिल्लीत नीट पोचावे, यासाठी ही संस्था होती. याच काळात धान्य साठवण्यासाठी गोदामांचा कायदा १९५६ साली झाला आणि शेतमालाच्या सहकारी विक्रीसाठी नाफेड ही संस्था १९५८ मध्ये दिल्लीत उभी राहिली. पीक आले तरी ते ठेवायला जागा आणि विकायला योग्य बाजार नसेल, तर शेतकरी मिळेल त्या भावाला माल विकून टाकतो आणि चार महिन्यांनी तेच धान्य दुप्पट भावाने विकत घेतो.

भारत कृषक समाजाने केलेले सर्वांत मोठे काम म्हणजे दिल्लीतले जागतिक कृषी प्रदर्शन. डिसेंबर १९५९ मध्ये ते सुरू झाले. मथुरा रोडवरच्या ज्या भागाला आपण आज प्रगती मैदान म्हणून ओळखतो, तिथे ते भरले होते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ११ डिसेंबरला आपले राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्यासोबत उद्घाटनाला हजर होते. ते शीतयुद्धाचे दिवस होते. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते. पण दिल्लीच्या या मैदानात दोघांचेही मंडप उभे होते आणि दोघेही आपापली शेतीची अवजारे आणि पिके दाखवत होते. पटका बांधलेला, धोतर नेसलेला शेतकरी तिथे जाऊन ट्रॅक्टरला हात लावून पाहू शकत होता. पापळसारख्या गावातून आलेल्या माणसाने जगाच्या शेतीचे प्रदर्शन दिल्लीत भरवले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

आता एक अवघड प्रश्न. दहा वर्षे शेतीखात्यात काढूनही देशाची भूक मिटली का? प्रामाणिकपणे सांगायचे तर नाही. धान्याचे उत्पादन १९५०-५१ मधल्या ५ कोटी टनांवरून १९६०-६१ पर्यंत ८ कोटी २० लाख टनांवर गेले, ही लहान गोष्ट नाही. पण लोकसंख्याही ४४ कोटींच्या घरात पोचली. मध्येच १९५७-५८ ला पावसाने दगा दिला आणि उत्पादन पुन्हा खाली आले. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल ४८० नावाचा करार झाला होता. त्या कराराचा गहू जहाजांनी आपल्या बंदरांवर येत होता आणि शहरांतल्या रेशनच्या दुकानांत जात होता. वर्गात या विषयावर चर्चा झाली तेव्हा काही मित्रांचे म्हणणे होते की मग पंजाबराव अपयशीच ठरले. मला तसे वाटत नाही. सैन्यात एखादी चौकी जिंकायची असेल तर आधी रस्ता बांधावा लागतो, पूल टाकावा लागतो, दारूगोळा पोचवावा लागतो. इंजिनिअर आणि सप्लायचे लोक हे काम करतात आणि विजयाच्या छायाचित्रात ते सहसा दिसत नाहीत. पंजाबरावांचे काम या प्रकारचे होते.

१९६२ च्या निवडणुकीत ते पुन्हा लोकसभेवर निवडून आले, मात्र मंत्रिमंडळात नव्हते. १० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीतच त्यांचे निधन झाले. त्यांच्यामागोमाग देशाची खरी परीक्षा सुरू झाली. त्याच वर्षी पाकिस्तानशी युद्ध झाले आणि त्याच वर्षी पावसानेही पाठ फिरवली. १९६५-६६ मध्ये धान्याचे उत्पादन ७ कोटी २० लाख टनांच्या आसपास घसरले. अमेरिकेने गहू देणे थांबवले नाही, पण दीर्घ मुदतीचा करार न करता थोडा थोडा, हात आखडून द्यायला सुरुवात केली. म्हणजे एकीकडे आपले जवान सीमेवर लढत होते आणि दुसरीकडे पुढच्या जहाजाची परवानगी येते की नाही याची चिंता दिल्लीला होती. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले आणि लोकांनी ते ऐकले. जवान आणि किसान यांचा जयजयकार त्यांनी एकाच घोषणेत केला, तोही याच वर्षी. ती घोषणा आपण स्नेहसंमेलनात मोठ्याने देतो. तिच्यामागे एवढी मोठी अडचण होती, हे मला हा लेख लिहिताना कळले.

१९६६ साली देशाला सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले. त्याच वर्षी मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणेही आणले गेले. त्या बुटक्या गव्हाच्या चाचण्या दिल्लीच्या पुसा संस्थेत डॉ. स्वामिनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतल्या होत्या, आणि दिल्लीजवळच्या जौंती गावातल्या शेतकऱ्यांनी ते आपल्या शेतात पेरून दाखवले होते. १९६८ साली गव्हाचे विक्रमी पीक आले, १ कोटी ६५ लाख टन. सरकारने गहू क्रांतीचे टपाल तिकीट काढले. ही हरितक्रांती पंजाबरावांनी केली असे म्हणणे खरे होणार नाही. पण बियाणे आकाशातून पडून उगवत नाही. ते शेतकऱ्यापर्यंत नेणारा ग्रामसेवक लागतो, कर्ज देणारी सहकारी सोसायटी लागते, धान्य ठेवायला गोदाम लागते आणि नवे काही करून पाहायला तयार असलेला, शिकलेला शेतकरी लागतो. या गोष्टी एका हंगामात उभ्या राहत नाहीत. त्या आधीच्या पंधरा वर्षांत हळूहळू उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतली दहा वर्षे पंजाबराव त्या खात्यात होते.

१९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, त्याला त्यांचे नाव देण्यात आले. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ विदर्भातल्या शेतकऱ्यांसाठी कापूस, ज्वारी, तूर अशा पिकांवर संशोधन करते. आज आपला देश वर्षाला ३३ कोटी टनांहून अधिक धान्य पिकवतो. आपल्या मेसमध्ये पोळी हवी तेवढी वाढून घेता येते आणि जहाजाची वाट कुणाला पाहावी लागत नाही.

तरीही लढाई संपलेली नाही. ज्या वऱ्हाडात कर्ज लवाद कायद्याचे काम झाले, त्याच वऱ्हाडात आजही कर्जाला कंटाळून शेतकरी आत्महत्या करतात. जमीन तशीच काळी आहे, पऱ्हाटी तशीच उभी राहते आणि बऱ्याच शिवारांत पाणी अजूनही पावसाचेच आहे. देशाची कोठारे भरली म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याचे घर भरले असे होत नाही. पंजाबरावांनी विचारलेला प्रश्न, पिकवणाराच अडचणीत का, अजून पूर्ण सुटलेला नाही. आपल्यापैकी ज्यांचे आजी-आजोबा गावाकडे शेती करतात, त्यांना हे वर्तमानपत्रातून वाचायची गरज नाही.

काही मित्र विचारतील की सैनिकी शाळेच्या मासिकात शेतीमंत्र्याचे चरित्र कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या सैन्याच्या कामातच आहे. १९९३-९४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेसाठी भारतीय सैन्याची ब्रिगेड सोमालियात गेली होती. तिथे दुष्काळ आणि यादवी या दोन्हींनी मिळून लोकांना उपाशी मारले होते. त्याच देशात २०११ साली पुन्हा दुष्काळ जाहीर झाला. दक्षिण सुदानमध्ये आपले शांतिसैनिक आजही आहेत. तिथल्या मलाकाल भागात आपल्या सैन्याचे पशुवैद्य गावकऱ्यांच्या गुरांवर उपचार करतात. तिथे गाय हीच माणसाची पुंजी, तीच त्याचे दूध आणि तीच त्याची बँक. गुरे जगली तर कुटुंब जगते आणि हातातले हत्यार खाली ठेवायला कारण मिळते. गोणीतले धान्य वाटून भूक काही दिवस मागे हटते. गुरे, विहीर, बियाणे आणि बाजार सांभाळले तर ती परत येत नाही. पंजाबरावांनी अमरावतीत आणि दिल्लीत जे केले, तेच काम आपले पशुवैद्य आज आफ्रिकेत गणवेश घालून करत आहेत.

आपल्यापैकी अनेक जण पुढे एनडीएला जातील, काही जण डॉक्टर, इंजिनिअर किंवा अधिकारी होतील, आणि एखाद-दुसरा कृषी विद्यापीठातही जाईल. जो जाईल त्याने आपण मागे पडलो असे मुळीच समजू नये. बॅरिस्टर होऊन अमरावतीला परतलेल्या एका माणसाने दाखवून दिले आहे की देशाचे रक्षण नांगराच्या बाजूनेही करता येते. पुढच्या वेळी निजामुद्दीनहून किंवा मथुरा रोडवरून आपली शाळेची बस जाईल, तेव्हा खिडकीतून बाहेर जरूर पाहा. पापळच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाने आपले शेवटचे मोठे काम इथेच केले.